रात्री-अपरात्री मन खचले तर १४४१६ हा क्रमांक फिरवा

अंगात ताप भरला की आपण मजुरी बुडवून दवाखान्यात जातो. परंतु घरातील कर्ता माणूस चार दिवस धड जेवत नाही, रात्रभर ओट्यावर बसून राहतो, ‘आता आपलं काही खरं नाही’ असे पुटपुटतो, तेव्हा मात्र आपण म्हणतो, ‘टेन्शन आहे, होईल बरा.’ हे ‘होईल बरा’ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी घरांना फार महागात पडले आहे.

१९८६ साली महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या करपे कुटुंबाचा अंत झाला. तेव्हापासून शेतकरी आत्महत्या म्हटले की आपल्या जिल्ह्याचे नाव निघते. शेतकऱ्याची निदान बातमी तरी होते. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ होते. म्हणजे मजुरांचा आकडा मोठा आहे. आपली बहुतेक माणसे याच मजुरांत मोडतात, म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

अडचण अशी की, मन खचते ते बहुधा रात्री. उमरखेड किंवा वणीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरच्या वर. शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि मानसोपचार तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहसा नसतोच. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही टेलिफोन सेवा सुरू केली. क्रमांक आहे १४४१६. तो लागला नाही तर १८००८९१४४१६ हा क्रमांक लावावा. सेवा चोवीस तास चालते व फोनला पैसे पडत नाहीत. साध्या बटणांच्या मोबाईलवरूनही हा फोन लागतो.

फोन लावल्यावर काय होते, हे माहीत नसल्याने अनेकजण बिचकतात. प्रथम भाषा विचारली जाते. मराठी निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलायला येतो. तो आधी ऐकून घेतो, मग विचारपूस करतो. प्रकरण गंभीर वाटल्यास मानसोपचार तज्ज्ञाशी जोडून दिले जाते अथवा जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली जाते. बोलणे गुप्त राहते. लाईन व्यस्त लागली तर हताश न होता पुन्हा लावावा. आजारी माणूस बोलायला तयार नसेल तर बायकोने, भावाने, शेजाऱ्याने लावला तरी चालतो. ज्या माउलीकडे स्वतःचा मोबाईल नाही, तिने आशाताईच्या किंवा बचत गटातील मैत्रिणीच्या फोनवरून बोलावे.

बोलताना लाजू नये. झोप किती दिवसांपासून नाही, जेवण कसे आहे, दारू किती चालते, कर्जाचा तगादा कोणाचा आहे, मरणाची भाषा तोंडी आली काय, हे सरळ सांगावे. ‘जीव द्यायचा विचार येतो काय?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसाचे ओझे हलके होते.

दुसरी भीती पोलिसांची. ‘केस होईल’ म्हणून घरचे लोक प्रकार दडपून टाकतात. बंधूंनो, आता कायदा बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते व त्याला शिक्षा होत नाही. त्याची काळजी घेणे, त्याच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. पोलीस जबाब घ्यायला येतील, पण त्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

काही घरी आजही आधी अंगारा आणि मांत्रिक होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनाचा आजार हा आजारच आहे व त्याला औषध आहे.

‘नुसत्या बोलण्याने काय होते?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे उदाहरण देतो. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातीलच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, गरज पडेल तेथे समुपदेशक व डॉक्टर दिले. आधी नैराश्याच्या शंभर रोग्यांपैकी जेमतेम चार जण उपचार घेत होते, ते प्रमाण सत्तावीसवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मात्र फोन म्हणजे पूर्ण उपचार नव्हे. जिवाला तात्काळ धोका दिसला तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करावा. तोपर्यंत माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरात असेल तर कुलपात ठेवावे व किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सोबत जाऊन त्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे. गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

कर्ज, नापिकी, बेकारी हे प्रश्न फोनने सुटणार नाहीत. त्यांच्यासाठी लढावेच लागेल, पण लढायला माणूस जिवंत पाहिजे. म्हणून आमची विनंती एवढीच की, येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. महिला मंडळाने तो घरोघर सांगावा. मुलांनी तो पाठ करावा. आणि ज्या घरी दिवा रात्रभर जळतो, त्या घरी सकाळी कोणीतरी चहा प्यायला जावे.