तपकिरी अस्वलाच्या मुलुखात

अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या रांगांत यलोस्टोन नावाचे विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १८७२ साली झाली. तेथील तपकिरी अस्वलास ग्रिझ्ली म्हणतात. खांद्यांवरील उंचवटा आणि लांब नखे ही त्याची खूण. देह अवजड खरा, पण धावू लागले म्हणजे ते ताशी सुमारे ५६ किलोमीटरांचा वेग गाठते.

मुलांनो, हा बलाढ्य प्राणी खातो तरी काय? मुळे, रानफळे, मासे, हरणांची पाडसे, आणि ऐकून नवल वाटेल, पतंगसुद्धा! उन्हाळ्यात उंच उतारांवरील दगडांखाली लपलेले पतंग एकेक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत फस्त करू शकते. हिवाळ्याचे सुमारे पाच महिने बिळात निजून काढावयाचे, म्हणून अंगावर चरबी साठविणे त्याला भागच असते. माणसाशी त्याचा तंटा होतो तोही पुष्कळदा या भुकेपायीच.

एके काळी तेथील उपाहारगृहांचे उष्टेखरकटे उघड्यावर टाकीत, आणि सायंकाळी ते खावयास येणारी अस्वले पाहता यावीत म्हणून प्रवाशांसाठी बाकेही मांडलेली असत! मोटारीतून जाणारे लोक हाताने खाऊ देत, ते निराळेच. असल्या पाहुणचाराचे फळ काय मिळाले? १९३१ ते १९६९ या काळात काळ्या व तपकिरी अस्वलांनी दरवर्षी सरासरी ४८ माणसांना जखमी केले. अखेर १९७० साली शेवटचा उघडा उकिरडा बंद झाला. मात्र आयत्या अन्नाला चटावलेली अस्वले तंबूंच्या जागी शिरू लागली, आणि त्यांतील कित्येकांना प्राणास मुकावे लागले. चूक माणसांची, शिक्षा मुक्या जनावरांना! १९७५ साली ग्रिझ्लीला कायद्याचे संरक्षण मिळाले. आज उद्यान व भोवतालच्या प्रदेशात ती सुमारे एक हजार आहेत.

तेथे हिंडणाऱ्याने अस्वलापासून निदान ९१ मीटर दूर राहावे, असा नियम आहे. तिघाचौघांनी मिळून, बोलत, टाळ्या वाजवीत चालावे, कारण अचानक समोर आलेल्या माणसामुळे दचकलेले अस्वल, विशेषतः पिलांची आई, फार धोकादायक. आपल्या विदर्भातही मोहाची फुले वेचताना माणूस आणि अस्वल असेच अवचित समोरासमोर येतात. गाठ पडलीच, तर पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव आहे. हळूहळू मागे सरावे. ते चाल करून आलेच, तर जागीच उभे राहून मिरचीच्या अर्काचा फवारा मारावा. तो हाताशी हवा, पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी असून काय उपयोग? ग्रिझ्लीने अंगाला स्पर्श केलाच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी आणि निपचित राहावे.

रात्री तंबूत खाण्याचा पदार्थ ठेवीत नाहीत. शिधा दोरीने जमिनीपासून तीन मीटर उंच टांगतात, आणि त्याच्याबरोबर साबण व दंतमंजनही; कारण त्यांचा वासदेखील अस्वलाच्या नाकाला दुरून कळतो.