हेलसिंगोर: जकातीवर उभं राहिलेलं बंदर

कोपनहेगनहून आगगाडीत बसलं की पाऊण तासात हेलसिंगोर येतं. इथे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधली ओरेसुंद सामुद्रधुनी जेमतेम 4 किलोमीटर रुंद आहे. धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडच्या हेलसिंगबोर्ग शहरातल्या इमारती स्वच्छ दिसतात. बाल्टिकच्या सफरीवर निघालेल्या मोठ्या क्रूझ बहुतेक कोपनहेगनलाच लागतात. काही बोटी मात्र हेलसिंगोरसमोर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून धक्क्यावर सोडतात. आमची बोट अशीच थांबली आणि उतरलेले जवळजवळ सगळे क्रोनबोर्ग किल्ल्याच्या दिशेने निघाले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा वाडा म्हणून हा किल्ला जगभर ओळखला जातो.

मला ओढ होती ती तिथल्या जकातीची. माझी सगळी नोकरी मुंबईच्या कस्टम्समध्ये, अप्रेझर म्हणून झाली. आयात मालाची खरी किंमत काय, हा एकच प्रश्न टेबलावर रोज नव्या कागदांतून यायचा. व्यापारी किंमत कमी लावणार आणि आम्ही ती तपासणार, हा खेळ मी आयुष्यभर पाहिला. या खेळावर हेलसिंगोरमध्ये कुणीतरी काही शतकांपूर्वीच उत्तर शोधून ठेवलं होतं, हे वाचलं तेव्हापासून हे गाव मनात होतं.

पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डेन्मार्कचा राजा पोमेरेनियाचा एरिक याने या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर जकात बसवली. त्या काळी दोन्ही काठ डेन्मार्कचेच होते, स्वीडनकडे पलीकडचा काठ गेला 1658 मध्ये. बाल्टिकमध्ये शिरण्याचे आणखीही दोन मार्ग होते, पण सोयीचा मार्ग हाच. पोलंडची राय, रशियाचे जवस आणि भांगेचे धागे, स्वीडनचं लोखंड, जहाजबांधणीचं लाकूड आणि डांबर, सगळं इथूनच पश्चिमेला जायचं. उलट दिशेने यायचं मीठ, वाइन, कापड, खारवलेले हेरिंग मासे. सुरुवातीला प्रत्येक जहाजामागे एक नोबल, म्हणजे एक इंग्लिश सोन्याचं नाणं, एवढा साधा हिशोब होता. लहान होडी आणि पोट भरलेलं गलबत यांना एकच दर. 1567 पासून मालाच्या वजनावर आणि किमतीवर जकात घेऊ लागले, आणि तिथून खरी गंमत सुरू झाली.

मालाची किंमत कप्तानाने स्वतःच सांगायची. राजाचे अधिकारी जहाजाच्या पोटात शिरून एकेक पिंप मोजत बसणार नव्हते, कारण समोर डझनावारी जहाजं खोळंबलेली असायची. पण राजाने एक हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता: कप्तानाने जी किंमत सांगितली, त्याच किमतीला सगळा माल विकत घ्यायचा हक्क. किंमत जास्त सांगितली तर जकात जास्त बसणार. कमी सांगितली तर राजा तेवढ्याच पैशांत माल उचलणार. तेव्हा खरं बोलण्यातच कप्तानाचा फायदा. तपासनीस नाही, पंचनामा नाही, अपील नाही. पंधरा-वीस ओळींच्या अर्जावर सह्या गोळा करण्यात ज्याची वर्षं गेली, त्याला या व्यवस्थेचं सौंदर्य चटकन कळतं.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. 1986 मध्ये प्राप्तिकर कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं आणि मुंबईसारख्या शहरांतले मोठे जागा-व्यवहार त्यात आले. व्यवहाराआधी ‘37-आय’ फॉर्म भरायचा. करारात लिहिलेली किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी दिसली तर सरकार त्या किमतीला जागा स्वतः विकत घेऊ शकायचं. त्या काळात फ्लॅट घेतलेल्यांना हा फॉर्म चांगला आठवत असेल. 2002 मध्ये ती तरतूद संपली. हेलसिंगोरची पद्धत मात्र शतकानुशतकं चालली, कारण तिच्यामागे किल्ला होता.

क्रोनबोर्गकडे या नजरेने पाहावं. राजा दुसरा फ्रेडरिक याने 1574 ते 1585 या काळात जुन्या गढीच्या जागी हा वाळूच्या दगडाचा आणि तांब्याच्या छपरांचा राजवाडा उभा केला. वाड्याची दालनं, मेजवानीचं लांबलचक सभागृह हे सगळं बघण्यासारखं आहेच. मी मात्र बराच वेळ बाहेरच्या तटावर काढला. तिथे तोफांची रांग आहे आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. त्यांच्यासमोरून दर थोड्या वेळाने हेलसिंगबोर्गची फेरीबोट जाते, प्रवास वीस मिनिटांचा. एका तोफेमागे उभं राहून मी पलीकडचा काठ पाहिला आणि मनात अंतराचा हिशोब केला. जकात चुकवून निघणाऱ्या जहाजाला इथे लपायला जागाच नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकात डेन्मार्कच्या राजाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग या एका अरुंद पाण्यातून येत होता. 1629 मध्ये वाडा आगीत जळाला, फक्त त्यातलं चर्च वाचलं, तरी चौथ्या ख्रिश्चनने तो पुन्हा बांधला. मोठी आवक असलेली चौकी कुठला राजा मोडकळीला सोडेल?

किल्ल्यावरून परत बोटीकडे जाण्याआधी गावात शिरलंच पाहिजे. खरं हेलसिंगोर स्ट्रँडगेड आणि स्टेनगेड या रस्त्यांवर, त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्यांत आहे. गोट्यांची फरसबंदी, लाकडी चौकटींमध्ये विटा भरलेली जुनी घरं, कुठे दारावर कोरलेलं साल. जहाज थांबलं की कप्तानाला किनाऱ्यावर येऊन जकात भरावी लागे. वारा उलटा असला तर मुक्काम लांबायचा. तेवढ्यात पाणी, पाव, बिअर, मांस, दोरखंड, शिडांचं कापड घ्यायचं. हे सारं पुरवायला दुकानदार आले, खाणावळी आल्या. कप्तानाच्या वतीने जकातीचे कागद करून देणाऱ्या पेढ्या निघाल्या. आमच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये ज्यांना क्लिअरिंग एजंट म्हणतात, तेच हे लोक. इंग्रज, स्कॉटिश, डच, जर्मन कुटुंबं इथे स्थायिक झाली. सेंट मेरी चर्चमध्ये जर्मन भाषकांची मंडळी जमायची आणि 1660 ते 1668 या काळात त्या चर्चचा ऑर्गनवादक होता डिट्रिश बुक्स्टेहूड, ज्याचं वादन ऐकायला पुढे तरुण बाख पायी ल्यूबेकपर्यंत गेला.

हॅम्लेटलाही जकातच इथे घेऊन आली, असं माझं मत आहे. मूळ दंतकथा जटलंडमधल्या राजपुत्राची, या किल्ल्याशी तिचा संबंध नाही. पण या थांब्यामुळे हेलसिंगोरचं नाव प्रत्येक इंग्लिश खलाशाला माहीत होतं. शिवाय 1586 मध्ये इंग्लिश नटांची एक टोळी दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात होती. त्यातला विल केम्प पुढे शेक्सपिअरच्या नाटकमंडळीत आला. आपल्यापर्यंत हा राजपुत्र पोचला तो आगरकरांमुळे. त्यांचं ‘विकारविलसित’ 1883 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यातला चंद्रसेन, म्हणजेच हॅम्लेट, गणपतराव जोशी यांनी रंगभूमीवर गाजवला.

या पाण्याचं आपल्या बाजूशी आणखी एक नातं आहे. 1618 च्या अखेरीस ओव्ह येड्डेचा डॅनिश ताफा कोपनहेगनहून हिंदुस्थानकडे निघाला आणि 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्याने तरंगमबाडी घेतली. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं. 1750 मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये आलेला श्वार्ट्झ पुढे दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक आणि गुरू झाला.

जकातीचा शेवट अमेरिकेने जवळ आणला. समुद्रातून जायला कर कशाला, म्हणत त्यांनी पैसे द्यायला नकार दिला. 14 मार्च 1857 रोजी कोपनहेगनमध्ये करार होऊन जकात रद्द झाली. डेन्मार्कला व्यापारी राष्ट्रांनी एकरकमी भरपाई दिली, त्यातले सर्वांत मोठे वाटे ब्रिटन आणि रशियाचे. भरपाई राजकोषात गेली, गावाचा धंदा मात्र बसला. थांबायचं कारण संपल्यावर जहाजं थांबेनाशी झाली. 1882 मध्ये जहाजबांधणीचा कारखाना आला, त्यावर शंभर वर्षं पोट चाललं, 1983 मध्ये तोही बंद पडला. त्याच्या कार्यशाळांमध्ये आता सांस्कृतिक केंद्र आहे. कोरड्या गोदीभोवती जमिनीखाली सागरी संग्रहालय बांधलंय, 2013 मध्ये उघडलेलं. किल्ल्याकडे जाणारी नजर अडू नये म्हणून ते वर काढलं नाही. ही जागा आवर्जून पाहा. गोदीच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं की जहाजाचं पोट किती मोठं असतं याचा अंदाज येतो.

माझ्या मते या गावाची सर्वांत मोठी ठेव एक हिशोबवही आहे. 1497 पासून 1857 पर्यंतच्या जकातीच्या नोंदवह्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मध्ये काही वर्षं गहाळ, तरी सुमारे 18 लाख जहाजफेऱ्यांची नोंद शिल्लक आहे. कप्तानाचं नाव, त्याचं गाव, पुढच्या काळात कुठून कुठे निघाला ते, माल काय, जकात किती. युरोपात कोणत्या वर्षी धान्य कमी पडलं, कुठलं युद्ध व्यापाराला नडलं, हे इतिहासकार या रकान्यांतून वाचतात. त्या काळच्या कारकुनाला याची कल्पनाही नसेल. त्याने रोजचं काम चोख केलं. युनेस्कोने 2007 मध्ये या वह्या जागतिक स्मृतिसंग्रहात घेतल्या.

तुमची बोट हेलसिंगोरला थांबली तर किल्ल्यावर जा, पण अर्धा वेळ स्ट्रँडगेडसाठी राखा. गाव पायी फिरण्याएवढंच आहे, गाडी लागत नाही. आणि जाण्याआधी घरबसल्या त्या वह्या चाळा: त्यांची सूची इंटरनेटवर फुकट खुली आहे, कप्तानाचं किंवा बंदराचं नाव टाकलं की नोंद समोर येते.