बांध राखणारी हरळी

बालमित्रांनो, हरळी कोणाला ठाऊक नाही? गणपतीला २१ दूर्वांची जुडी वाहतो ना, ती हीच. गुरंही ती आवडीने खातात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन.

हे गवत बारमाही आहे. उन्हाळ्यात वरून करपते, पण जमिनीतले खोड जिवंत राहते. पहिला पाऊस पडला की पुन्हा हिरवेगार! हरळी सरपटत वाढते. पेरापेराला खाली मुळे सुटतात, वर कोंब येतो. त्यामुळे माती जाळ्यात धरल्यासारखी राहते.

आपल्या कापड्याचा पाऊस काय सांगावा! भातखाचराचा बांध फुटला की कित्येक वर्षांची माती एका रात्रीत वाहून जाते. म्हणून बांधावर हरळी हवी.

लावायची कशी? जूनमध्ये तीन-चार पेरांचे तुकडे करावे. वीतभर अंतरावर, निम्मी पेरे मातीत जातील असे लावून पायाने दाबावे. जागा उन्हाची हवी. रुजेपर्यंत गुरं सोडू नयेत.

मात्र खाचरात शिरली की तीच तण होते. नांगराने तुटलेला तुकडाही रुजतो. तो वेचून उन्हात वाळवावा.

एक लक्षात ठेवा. २२ जुलै २०२१ रोजी तळिये, केवनाळे, साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशी दरड हरळीला धरवत नाही. तिची बहुतेक मुळे वरच्याच मातीत असतात. डोंगराला भेग दिसली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ताबडतोब मोठ्यांना सांगा.

बांध हरळी राखील, डोंगरावर लक्ष आपण ठेवू!