क्योटोचे वार्तापत्र : मांसाचा पुडा

या नगरातील काही जुन्या दुकानांत गोमांसाचे तलम काप आजही वेळूच्या कोंबावरून गळून पडलेल्या कोरड्या आवरणात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती दिले जातात. आणि सागाच्या पानात मटण बांधून देण्याची आपल्याकडील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पुड्याचे नवल वाटणार नाही. पुडा जुना असला, तरी मांसाचा व्यापार येथे फार काळ उघडपणे चालत नव्हता; जपानचे सम्राट तेम्मू यांनी ६७५ साली गाय, घोडा, कोंबडी आदींचे मांस वर्ज्य करणारे फर्मान काढले होते. १८७२ साली सम्राट मेईजी यांनी गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे हा व्यापार उजळ माथ्याने चालू लागला, आणि त्याने आवरण मात्र पूर्वापारचेच पत्करले.

मांसातून पाझरणारे पाणी साचून राहिले की जंतूंची वृद्धी झपाट्याने होते, आणि प्राणवायूच्या सान्निध्यात प्रथम लालबुंद दिसणारा मांसाचा रंग कालांतराने तपकिरी पडतो. वेळूचे आवरण वाफ कोंडू देत नाही. प्राणवायू अडवण्याचे सामर्थ्य त्यात नाही, परंतु सकाळी आणलेले मांस सायंकाळी रांधणाऱ्या गृहिणीस त्याची जरूरही नव्हती.

१९६० च्या दशकात मात्र ज्या ‘मादाके’ जातीच्या वेळूचे हे आवरण, त्यास सुमारे १२० वर्षांनी येणारा फुलोरा देशभर आला आणि बनेच्या बने वाळून गेली. त्याच सुमारास सुपरमार्केटे वाढली व त्यांच्याबरोबर फोमची तबके आली. पुढे १९७२ साली ‘कुरारे’ या कंपनीने प्राणवायूस जवळजवळ अभेद्य असे प्लास्टिक बाजारात आणले. याच कंपनीने २०१५ साली मक्याच्या पिष्टापासून आवरण करणारी ऑस्ट्रेलियातील ‘प्लँटिक’ ही कंपनी विकत घेतली. पिष्टाचा पापुद्रा कोरडा असेतो प्राणवायूस उत्तम अडवतो, पण ओल लागताच दुर्बळ होतो, आणि ताजे मांस तर ओलेच. म्हणून त्यास दुसऱ्या प्लास्टिकच्या थरांत झाकून ठेवावे लागते, आणि आवरण मातीत विरावे या ज्या हेतूने पिष्ट घेतले तो हेतू तेवढ्यापुरता उणा पडतो. मांस टिकण्याची मुदत आपण जितकी लांबवू, तितके मातीत विरणारे आवरण दुष्प्राप्य होत जाईल, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तूर्त येथील नागरिक वापरलेली तबके धुऊन, वाळवून सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकतात, ही शिस्त मनःपूर्वक वाखाणण्याजोगी आहे. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे दाम घेणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. मांसाची तबके मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिली, याचा मला खेद होतो.