म्हातारचळ की आवड?

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील यात्रा सुरू झाल्या, की बैलगाड्यांच्या घाटावर एक दृश्य हमखास दिसते. सत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा परीटघडीचे धोतर नेसून, डोईला गुलाबी फेटा बांधून, मिशीला पीळ देत उभे असतात. त्यांना पाहून कोणी नाक मुरडीत नाही. 'म्हातारा मोठा हौशी,' असे लोक कौतुकाने म्हणतात. त्याच वयाच्या एखाद्या विधवा आजीने डाळिंबी लुगडे नेसावे, हातांत चार हिरव्या बांगड्या भराव्यात, की बोलण्याचा सूर पालटतो. अशा प्रसंगासाठी मराठीने एक शब्द तयारच ठेवला आहे : म्हातारचळ.

वय झाले की आवड संपावी, ही आपली अपेक्षाच मुळात चुकीची आहे. बालपणी आईवडील कपडे ठरवितात; पुढे कामधंदा, सासर आणि लोकलाज. आपल्याला काय शोभते आणि काय रुचते, याची उमज व ते अंगावर वागविण्याचे धैर्य पुष्कळदा उतारवयातच येते. ज्या पांढऱ्या टोपीला गांधीजींचे नाव चिकटले, ती खुद्द त्यांनी फार काळ वापरली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा पत्करला, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होण्याच्या उंबरठ्यावर होते. जगाने पुढे त्यांना ओळखले ते याच वेषात. आपल्याकडील बाजारातही टोप्या साऱ्या पांढऱ्याच दिसतात. पण कोणाची कलती, कोणाची कडक घडीची, कोणाची कपाळावर ओढलेली. दुरूनही माणूस ओळखू येतो.

पुरुषांना मिळणारी ही मोकळीक स्त्रियांच्या वाट्याला का येऊ नये? ज्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात, तेथे पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. याच गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. म्हणजे स्त्रीचा साजशृंगार आपल्याला वर्ज्य आहे असे नव्हे. तिकीट काढून तो पाहायला आपण तयार असतो. घरातील म्हातारीने तो केवळ स्वतःसाठी केला, एवढेच आपल्याला सोसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे सुचविले. पाऊल स्तुत्यच होते. परंतु ठराव चावडीवर होतो आणि कुंकवाचा करंडा घरात असतो. तेथे सून काय म्हणेल, शेजारीण काय बोलेल, हळदीकुंकवाला कोणी बोलावील की नाही, याचा धाक परिपत्रकाने सरत नाही.

यावर कोणी म्हणेल, पुष्कळ वृद्ध स्त्रियांना साधेपणाच आवडतो. अवश्य आवडत असेल. पांढऱ्या साडीतही डौल असतो, आणि ती आपखुशीने निवडली असेल तर तीही त्या स्त्रीची स्वतःची शैलीच होय. आजीवर रंगांची सक्ती करणे हा सुधारणेचा मार्ग नव्हे. प्रश्न रंगाचा नाही. निवड कोणाची, हा आहे.

या भागातील जुन्या पिढीच्या कितीतरी बायांच्या कपाळावर आणि हातांवर हिरवे गोंदण आहे. बाकीचे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे शेवटी बरोबर येते, अशी जुनी समजूत. वैधव्याने कुंकू नेले, बांगड्या नेल्या. गोंदणाला मात्र कोणाला हात लावता आला नाही. त्या सुरकुतलेल्या हातांना अजूनही आवडनिवड आहे. पुढच्या वेळी आजीसाठी लुगडे घ्यायला मंचरच्या किंवा नारायणगावच्या दुकानात जाल, तेव्हा 'वयाला शोभेलसे फिकट काहीतरी दाखवा' असे सांगण्याआधी तिला बरोबर न्यावे, आणि कोणता रंग हवा, ते तिलाच विचारावे.