लाळेची झटपट तपासणी : ती काय सांगते, काय सांगत नाही

व्यसनाचा विषय आपल्या बैठकीत निघाला की बोलणे दारूवर सुरू होते आणि बहुधा दारूवरच संपते. परंतु गांजा, ब्राऊन शुगर, एम.डी. ही नावे आता आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांनाही अपरिचित राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत, पुणे पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला. तेथे एम.डी. म्हणजे मेफेड्रोन तयार होत असल्याचे उघडकीस आले. अशा काळात नशेची तपासणी म्हणजे नेमके काय, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

माझ्या ओळखीचा एक मुलगा नारायणगावहून रात्री टोमॅटोची पिकअप घेऊन माळशेज घाटाने मुंबईकडे जात असे. पुढे त्याला एका कंपनीत चालकाची नोकरी लागायची होती. फाटकापाशीच त्याच्या लाळेची तपासणी झाली आणि अफूच्या वर्गातील पदार्थ आढळल्याचे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. तो घरी पोहोचण्याआधी बातमी आळीत पोहोचली. वास्तविक दोन दिवसांपासून तो डॉक्टरांनी दिलेले खोकल्याचे औषध घेत होता.

आता ही तपासणी कशी होते ते पाहू. तपासणीपूर्वी सुमारे दहा मिनिटे काही खायचे-प्यायचे नसते. नंतर मऊ बोळा लावलेली काडी गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून लाळ घेतात व ती पट्टीवर सोडतात. पाच-दहा मिनिटांत निकाल दिसतो. कोरोनाच्या काळात आपण अशीच पट्टी पाहिली आहे. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. कोरोनाच्या पट्टीवर दुसरी रेष उमटली म्हणजे आजार असे. नशेच्या पट्टीवर बहुधा उलट असते, रेष उमटली नाही म्हणजे पदार्थ आढळला.

याचे कारण साधे आहे. पट्टीत रंगीत कण असतात व ते पुढे सरकत जाऊन रेषेच्या जागी चिकटतात. लाळेत नशेचा पदार्थ असेल तर तो वाटेतच त्या कणांना व्यापतो. एस.टी.च्या सगळ्या जागा नारायणगावलाच भरल्या तर गाडी मंचरच्या थांब्यावर न थांबता पुढे जाते, तसेच हे कण रेषेपाशी न थांबता पुढे निघून जातात व रेष कोरी राहते. सर्वांत वरची नियंत्रण रेष मात्र उमटलीच पाहिजे. ती नसेल तर ती तपासणीच बाद समजावी.

लघवीच्या तपासणीत नियमित गांजा ओढणाऱ्याची खूण कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडेही सापडते. लाळेत ती बहुधा काही तासांपासून एखाद-दोन दिवसांपर्यंतच राहते. म्हणून अलीकडचे सेवन ओळखण्यास लाळ उपयोगी पडते. शिवाय नमुना समोरच घेतला जात असल्याने अदलाबदल करणे कठीण जाते.

पण तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पट्टीवर ज्या पदार्थांची नावे आहेत तेवढेच ती शोधते. मेफेड्रोनसाठी वेगळी सोय नसेल तर ते निसटू शकते. दारूसाठी श्वासाची तपासणी वेगळी करावी लागते. महाशिवरात्रीची भांग आणि रोजचा गांजा यांतील भेद पट्टीला कळत नाही. आणि चालवताना माणसाचा हात थरथरत होता की नाही, हे तर ती सांगतच नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली आहे. इतर अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता काय, असे तेथे पाहिले जाते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यावर चालकांची लाळ तपासण्यास प्रारंभ झाला. पहिल्याच दिवशी वार्ताहरांसमोर एक चालक दोषी दाखविला गेला. पुढे प्रयोगशाळेत त्याचा नमुना निर्दोष निघाला. म्हणून झटपट तपासणी ही केवळ पहिली पायरी होय. खरा निर्णय प्रयोगशाळेतील सूक्ष्म तपासणीनेच होतो.

आमच्या मुलानेही तेच केले. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून त्याने दुसऱ्या तपासणीचा आग्रह धरला. प्रयोगशाळेत कोडीन आढळले. ते अफूच्याच कुळातील असून खोकल्याच्या काही औषधांत असते. हेरॉईनची विशिष्ट खूण मात्र मिळाली नाही. नोकरी त्याला तीन आठवडे उशिरा मिळाली. पण ते तीन आठवडे त्याची आई सार्वजनिक नळावर गेली नाही, हे मी विसरू शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तपासणीची वेळ आली तर चालू असलेली औषधे आधीच लेखी सांगा व चिठ्ठी जपून ठेवा. निकाल मान्य नसेल तर प्रयोगशाळेची तपासणी मागा. पालकांनी दुकानातून पट्टी आणून मुलाची चोरून परीक्षा घेऊ नये. त्याने नशा सापडेल की नाही सांगता येत नाही, पण विश्वास मात्र नक्की जाईल.

आणि दोष खरा निघाला तर? डॉ. अनिल अवचट हे आपल्या ओतूरचे. त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी अशा कार्यातूनच रुजली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ आहे. शासनाच्या १४४४६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पंचशीलातील पाचवे शील आपण सर्वजण घेतो. त्यात नशेला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण मानले आहे. परंतु एका कोऱ्या रेषेवरून शेजारच्या मुलाला आयुष्यभराचा डाग लावणे, हाही प्रमादच नव्हे काय? पट्टी पाहावी, पण दुसऱ्या तपासणीपर्यंत जीभ आवरावी. आणि दोष ठरला तरी त्या मुलाचा हात सोडू नये, एवढीच नम्र विनंती.