हाऊसफुल्ल शो, तरी तोटा!

ब्रिटिश कीबोर्डवादक रिक वेकमन बघा. आधी स्टुडिओत इतरांच्या गाण्यांना साथ; डेव्हिड बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स?'मधला पियानो त्याचाच. मग 1970 ला स्ट्रॉब्स, 1971 ला येस हे बँड. 1974 मध्ये येस सोडून स्वतःच्या नावावर काम. त्या वर्षीचा त्याचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर!

1975 ला लंडनच्या वेम्बलीत राजा आर्थरच्या कथेवर शो केला, तोही चक्क बर्फावर. स्केटर्स, ऑर्केस्ट्रा, कोरस, सगळा लवाजमा. तिन्ही शो हाऊसफुल्ल, तरी पैसे बुडाले. कसे? हॉलच्या खुर्च्या ठरलेल्या, म्हणजे गल्ल्याला मर्यादा. खर्चाला मात्र नाही! सगळी तिकिटं खपूनही खर्च निघणार नसेल, तर तोटा पहिलं तिकीट विकायच्या आधीच ठरलेला असतो.

1976 मध्ये तो पुन्हा येसमध्ये गेला.